उगवतीकडे डोकं

आसेगावच्या अलीकडे, नाल्याच्या काठावर पंधरा-वीस घरांची एक वस्ती आहे. तिथली शाळा पट कमी म्हणून बंद झाली, तेव्हा कुणी टाहो फोडला नाही. दिवाळी उरकली की निम्मी घरं कुलूप घालून ऊसतोडीला जातात आणि पोरंही त्यांच्यामागे जातात. मग ती शाळा चालू काय नि बंद काय! पोरांची नावं नाल्यापलीकडच्या गावातल्या शाळेत चढवली गेली. चार किलोमीटर चालून तिथं जायचं कुणी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

एकट्या भागिरथाला ते झोंबलं. ती माहेरी नववीपर्यंत शिकली होती आणि तिची रुचिका तेव्हा पाचवीत होती. दरवर्षी पोरगी कारखान्याच्या रानात सोबत यायची आणि चैत्रात परत येईपर्यंत सगळे पाढे विसरून जायची. त्या साली पलीकडच्या शाळेतल्या मोहनसिंग गुरुजींनी भागिरथाला रस्त्यात गाठून सांगितलं, "फेब्रुवारीत निवासी शाळेची परीक्षा हाये. पोरगी लागली तं सहावी ते बारावी राहनं, खानं, पुस्तकं सारं तिथंच. घरी अभ्यास घ्या, फॉर्म मी भरतो. पन ध्यानात ठेवा, पाचवीतच बसता येते. एकदाच."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे ऊसतोडीत एक कोयता. एकटा गडी गेला की तो अर्धा कोयता. भागिरथाच्या नवऱ्यानं, रविकांतनं, दोन दिवस मान खाली घालून विचार केला आणि तो म्हणाला, "मी अर्धा जातो. तू रहा. पोरीचं होऊन जाऊ दे." रुचिका लागली नाही तर पुढच्या दिवाळीला ती ट्रकात बसणार ती कामाला म्हणूनच आणि एकदा कामाला लागली की तिचं शिक्षण संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. वस्तीतल्या पोरींचं काय होतं, ते सांगायला त्यांना गुरुजींची गरज नव्हती.

गणिताचं घरी जमून गेलं. भाकरी मोडून अपूर्णांक झाले, तुरीच्या दाण्यांनी गुणाकार झाले. भूगोलाशी मात्र गाडी अडली. पुस्तक वस्तीतल्या तीन पोरांच्या हातून आलेलं, त्यातली नकाशाची पानं कुणीतरी वहीला कव्हर म्हणून लावली होती. टचचा मोबाईल रविकांतसोबत गेलेला आणि घरात बटणाचा उरलेला. पण भागिरथाला एक गोष्ट येत होती. शाळेत असताना ती न बघता भारताचा नकाशा काढायची. लग्नानंतर त्या कलेचा कुणाला काही उपयोग नव्हता. आता होता.

तिनं अंगण सारवलं आणि चुलीतली राख चिमटीत घेतली. "रुचे, भारतमाता निजली हाये असं समज. हे डोकं, थे काश्मीर. हे पाय, थे कन्याकुमारी." डोक्याचा गोल तिनं गोठ्याच्या बाजूला काढायला घेतला, तोच निंबाखालच्या खाटेवरून सासऱ्याचा, रामधनचा आवाज आला.

"ए भागिरथे, डोकं कोनीकडे करून राह्यली?"

"उत्तरेले, मामाजी. नकाशात उत्तर वरतेच असते."

"नकाशात असन. माह्या अंगनात नाई. उत्तरेले डोकं करून मुर्दा ठेवतेत. आखाडात रुखमी इथंच ठेवली होती, याच जागी. तिथंच आता पोरीच्या देखत कोनाले निजवतं?"

भागिरथाचा हात थांबला. सासू जाऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी रुखमाबाईचं डोकं गोठ्याकडे होतं, बाजूला कणकेचा दिवा होता आणि रुचिका दाराआडून बघत होती, हे तिला डोळ्यांपुढं दिसलं. म्हाताऱ्याचं म्हणणं खुळेपणाचं म्हणून उडवून लावावं, असं तिच्यानं झालं नाही. खरं तर तिलाही कसंसंच झालं होतं.

"मंग कोनीकडे करू?"

"उगवतीकडे कर. त्यानं विद्या येते."

विद्येचं नाव काढल्यावर बोलायचं काय राहिलं? तिनं राख पुसली, पुन्हा सारवण फिरवलं आणि सुकल्यावर काश्मीर उगवतीकडे, कन्याकुमारी मावळतीकडे अशी भारतमाता निजवली. रुचिकानं विचारलं, "माय, मंग हे उत्तर का पूर्व?"

"थे सांगीन नंतर. पहिले तिले निजू तं दे."

मग मात्र मायलेकींना नादच लागला. हिमालय घरच्या कापसाचा झाला, राजस्थान नाल्यातल्या वाळूचं. महाराष्ट्रात ज्वारी आणि तूर, केरळात नारळाची करवंटी. कोंबड्यांनी दुसऱ्याच दिवशी पंजाब फस्त केला, तेव्हा तिथं गव्हाच्या दाण्यांऐवजी गव्हाचं काड आलं. सुतळी निळीच्या पाण्यात बुडवून नद्या केल्या. अडाणचं पाणी पैनगंगेत, पैनगंगेचं वर्धेत, तिथून प्राणहितेतून गोदावरीत आणि थेट समुद्रात जातं, हे रुचिकानं बोट फिरवून आजोबाला दाखवलं. रामधन त्या सुतळीवर वाकला आणि म्हणाला, "म्हंजे आपल्या नाल्याचं पानीबी थेट तिथंवर जाते!" त्या दिवसापासून म्हाताराच सकाळी अंगणातली पानं वेचायला लागला.

भागिरथाची शिकवण्याची रीत एकच होती. घोकायचं नाही, उभं राहायचं आणि पाहायचं. त्यांच्या जिल्ह्याच्या, वाशिमच्या जागी एक तांबडा खडा होता. रोज सकाळी रुचिका त्या खड्यावर उभी राहायची, सूर्याकडे तोंड करायची आणि हात पसरून म्हणायची, "पुढे पूर्व, मागे पश्चिम, डाव्या हाताले उत्तर, उजव्या हाताले दक्षिण." मग तिथूनच राज्यं, समुद्र, डोंगर. महिन्याभरात पोरगी डोळे मिटून साऱ्या देशात पाय न अडखळता फिरायला लागली. भागिरथा भाकऱ्या थापता थापता दारातून तिला बघायची. नववीत सुटलेलं आपलं काहीतरी या अंगणात परत आलं, असं तिला वाटायचं आणि त्या भरात "नंतर सांगीन" म्हटलेलं राहून गेलं.

संध्याकाळी कोल्हापूरकडच्या रानातून रविकांतचा फोन यायचा. त्याच्या जागी नकाशात एक चिंचोका ठेवला होता. रुचिका फोन घेऊन तांबड्या खड्यावर जायची, चिंचोका कोणत्या अंगाला आहे ते बघायची आणि गोठ्याच्या मावळतीकडच्या कोपऱ्याकडे वळून बोलायची.

"बाबा, मी तुमच्याकडे तोंड करून बोलून राह्यली. हात हलवून राह्यली, दिसला काय?"

"दिसला बरं!" दिवसभर वाकून पाठ मोडलेला रविकांत हसायचा. "लाल फ्राक घातला ना?"

"हिरवा!" मग दोघंही हसायचे.

परीक्षेला मंगरूळपीरला जाताना एसटीत भागिरथानं शेवटचं विचारलं, "दिशा विचारल्या तं काय करशीन?"

"डोळे मिटीन आन् आपल्या अंगनात उभी राहीन."

"शाबास," भागिरथा म्हणाली.

तीन तासांनी पोरगी उड्या मारत बाहेर आली. मराठी सोपं होतं, गणितात एक अडलं. "आन् माय, दिशांचे पाच होते. पाचही आले! पोरं खिडकीकडे पाहून राह्यले होते. मी डोळे मिटले आन् धडाधड लिहिलं." भागिरथानं तिला स्टँडवर रेवड्या घेऊन दिल्या आणि परतीच्या गाडीत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती मनातल्या मनात तिची पेटी भरत बसली. दोन फ्रॉक, टॉवेल, खोबऱ्याचं तेल.

पाडव्याला रविकांत परतला. मे महिन्यात एका सकाळी मोहनसिंग गुरुजींची मोटारसायकल वस्तीत आली. त्यांनी गाडी लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

"तीन मार्कानं गेली," गुरुजी म्हणाले. "माह्या लेखी तं ही पोरगी पहिल्या दहात होती. रुचिका, पेपर हाये ना तुह्यापाशी? आन बरं, पाहू."

ते खाटेवर बसून एकेक प्रश्न विचारू लागले. मराठी बरोबर. गणित बरोबर. शेवटचं पान उलटलं.

"हिमालय भारताच्या कोनत्या दिशेले?"

"पूर्वेले."

गुरुजींनी मान वर केली. "अरबी समुद्र?"

"उत्तरेले."

"बंगालचा उपसागर?"

"दक्षिनेले. कन्याकुमारी पश्चिमेले. छत्तीसगड आपल्या दक्षिनेले." पुढची दोन उत्तरं गुरुजींनी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकली.

"अवं पोरी, हे तुले कोनं शिकवलं?"

रुचिकाला गुरुजींचंच नवल वाटलं. ती पळत गेली आणि तांबड्या खड्यावर उभी राहिली. अवकाळी पावसानं नकाशा धुऊन गेला होता, पण डोक्याशी मळका कापूस अजून चिकटून होता. "हे पाहा ना, गुरुजी. सूर्य इकडून उगवला. हिमालय इकडेच हाये. हे काय!"

गुरुजींनी कापसाकडे पाहिलं, मग वर आलेल्या उन्हाकडे, मग दारात सूप घेऊन उभ्या असलेल्या भागिरथाकडे. "थे सांगीन नंतर" हे आपलेच शब्द भागिरथाला इतके लख्ख ऐकू आले, की तिनं सूप खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसली. पोरगी ढ असती तर वाचली असती. कुठूनतरी घोकून 'हिमालय उत्तरेला' लिहून आली असती. हुशार होती, आईनं जसं उभं केलं तशी उभी राहिली, म्हणून बुडाली.

"गुरुजी, चूक माही हाये. तिची नाई. तसं लिहून देतो मी, अंगठा नाई, सही करून देतो."

"त्यानं काय होते, बाई?"

"पुन्हा बसता येते?"

"मी सांगतलं होतं ना. एकदाच."

रामधन खाटेच्या कडेला सरकून बसला होता. "म्या म्हटलं होतं उगवतीकडे कर," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "विद्या येते म्हटलं होतं." गुरुजी चहा न घेताच गेले. त्या दुपारी भागिरथानं रुचिकाला समोर बसवून एका कागदावर नीट नकाशा काढून दाखवला, उत्तर वर करून. रुचिका रडली नाही. तिनं कागद एकदा सरळ धरून पाहिला, एकदा आडवा धरून पाहिला, मग घडी घालून आईच्या हातात परत दिला.

"दिवाळीले संगं घेऊ तिले," रविकांत म्हणाला. आवाज त्यानं जमेल तितका मऊ केला होता. "तू कोयत्यावर येशीन, थे मोळ्या बांधीन." भागिरथानं मान डोलावली. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होती ती?

दिवाळीनंतर ट्रक आला. भांडी, गोधड्या, सरपण आणि माणसं एकावर एक चढली. रामधन मागे राहिला. अंगणात तांबडा खडा होता तिथं तो उभा होता आणि ट्रक वळेपर्यंत तसाच उभा राहिला.

रिसोड मागे पडलं तेव्हा दिवस कलला होता. सूर्य ट्रकाच्या तोंडापुढे, जरा उजव्या हाताला होता. रुचिका गाठोड्यावर बसून त्याच्याकडे एकटक बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. भागिरथानं कान दिला. "पुढे पश्चिम. डाव्या हाताले दक्षिण. उजव्या हाताले उत्तर." सगळं बरोबर होतं. आता बरोबर होतं.

"बाबा, मागच्या साली तुमी इकडेच होते?"

"हो व. आता चाललो तिथंच."

"आन् मी गोठ्याकडे, उत्तरेले पाहून बोलत होती."

"फोनात काय हाये, बाई? कोनीकडे तोंड केलं तरी ऐकू येते."

"पन मी हात हलवत होती, बाबा. रोज."

रविकांतनं तिला जवळ ओढलं. भागिरथा दुसरीकडे बघत राहिली. त्यानंतर कारखाना येईपर्यंत रुचिकानं वाटेतल्या एकाही गावाचं नाव विचारलं नाही.