हॉलपुरता अंधार

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात माझ्या बहिणीच्या दारात त्या गुरुवारी इतक्या चपला पडल्या होत्या, की मला माझ्या काढायला शेजारच्या फाटकापर्यंत जावं लागलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. हॉलमध्ये साठेक माणसं दाटीवाटीने बसली होती आणि मधोमध पाटावर तेजोनिधी महाराज. हे त्यांचं निमंत्रणपत्रिकेवरचं नाव. गल्लीत त्यांना करंटस्वामी म्हणतात.

त्यांच्यासमोर माझी भाची यशस्विनी मान खाली घालून बसली होती. एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला बाराव्या वर्षापासून फिट येतात. गोळ्या नेमाने घेतल्या की वर्षवर्ष येत नाहीत, चुकल्या की येतात. गेले बावीस दिवस तिला गोळी दिलेली नव्हती.

स्वामींचं कन्नड प्रवचन मराठीत सांगायचं तर असं होतं: देह म्हणजे वायरिंग, आत्मा म्हणजे मीटर आणि गुरू म्हणजे वरून नेमलेला लाइनमन. या मुलीला झटके का येतात? तर घरातला करंट हिच्या अंगात शिरलाय म्हणून. एवढं सांगून त्यांनी उजवा हात मुलीच्या डोक्यावर ठेवला, डावा भिंतीतल्या विजेच्या पेटीकडे केला आणि म्हणाले, "होगु." म्हणजे जा. हॉलमधले दिवे गेले, पंखा थांबला. बायकांना हुंदके फुटले. मिनिटभराने ते "बा" म्हणाले, म्हणजे ये, आणि दिवे आले. लोकांनी जमिनीला डोकी टेकली.

मी छत्तीस वर्षं पॉलिटेक्निकात वीज शिकवली. त्या अंधारात मला एकच गोष्ट ऐकू येत होती. आत स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. घरातला सगळा करंट मुलीच्या अंगातून निघून गेला, पण फ्रिजला कोणी कळवलंच नव्हतं.

हे सुरू झालं दसऱ्यात. आयुधपूजेला आमच्या म्हैसुरात गाडीपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. यंदा जयलक्ष्मीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, स्वामींच्या सांगण्यावरून विजेच्या पेटीची पूजा केली. स्वामींचा शिष्य हयग्रीव येऊन पेटीत एक 'मंतरलेला' स्विच बसवून गेला आणि पेटीच्या दारावर हळदीचा दोरा बांधून गेला. एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, दोरा सोडायचा नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज दूध आणि मिठाचं पाणी ओतायचं. आणि मुलीला गोळी द्यायची नाही, कारण गोळीने करंट आतच कोंडतो. मिठाच्या पाण्याने अर्थिंग सुधारतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. बाकी सगळं भयंकर होतं.

हयग्रीव माझाच विद्यार्थी. येलवालकडच्या शेतकऱ्यांच्या पंपांना तो फोनवरून चालू-बंद होणारे ब्रेकर बसवतो. रात्रीअपरात्री शेतात जाणं वाचलं म्हणून तिकडे लोक त्याला दुवा देतात. मला त्याचा अभिमान होता. म्हणूनच दिवे गेले तेव्हा मागच्या रांगेत त्याच्या हातातला उजळलेला फोन पाहून मला लाज वाटली.

लोक गेल्यावर मी जयलक्ष्मीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, स्वामी ठेव, दोरा ठेव, दूध ओत, फक्त गोळी सुरू कर. ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, जिवावर बेतू शकतं. ती भांडी विसळत राहिली.

"सात वर्षं मात्रे दिले, अण्णा. रोग गेला? आता बावीस दिवस एकही फिट नाही. तुला सुम्ने संशय."

मात्रे म्हणजे गोळ्या आणि सुम्ने म्हणजे उगाचच. आमच्या घरच्या मराठीत असं कन्नड मुरलेलं आहे. मी मेव्हण्यांकडे पाहिलं. गंगाधररावांनी पेपर उघडला. फिट कधीकधी आपणहून महिना-महिना लांबते, हे मी तिला कसं पटवणार? तिच्याकडे बावीस दिवस होते. माझ्याकडे फक्त माहिती होती.

पुरावा सापडला तो यशस्विनीला. घरच्या वायफायला कायकाय जोडलंय याची यादी तिने फोनवर काढली. तीन फोन, टीव्ही, कॉलेजचा लॅपटॉप आणि एक अनोळखी नाव, दसऱ्यानंतर आलेलं. "मामा, हा आमचा देव," ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. तिला मी म्हटलं, हवं तर मी गोळ्या आणून देतो, गुपचूप घे. ती म्हणाली, आई पर्स तपासते, पूर्वी मी गोळी घेईपर्यंत समोर बसायची, तशी आता घेऊ नये म्हणून समोर बसते.

पुढच्या गुरुवारी ऐन वेळेला तिने वायफाय बंद केलं. स्वामी "होगु" म्हणाले. दिवे तसेच. पुन्हा म्हणाले, जरा चढ्या आवाजात. पंखा फिरत राहिला. हयग्रीव फोनवर बोट आपटत होता. तिसऱ्यांदाही काही झालं नाही, तेव्हा स्वामींनी डोळे मिटून जाहीर केलं की सभेत कोणीतरी नास्तिक बसलाय.

मी उठलो. दोरा तोडला, पेटी उघडली आणि बारक्या निळ्या दिव्याचा तो ब्रेकर सगळ्यांना दाखवला. हा घरच्या वायफायला जोडलाय आणि फोनवरून चालतो, इथून नाहीतर काशीहून, मंत्र लागत नाही. याला फक्त हॉलची लाइन जोडलीय, कारण सगळं घर बंद केलं तर वायफायही जाईल आणि मग दिवे परत आणता येणार नाहीत. म्हणून फ्रिज चालू राहतो. मग मी बोटाने खटका खाली केला आणि म्हणालो, "होगु." दिवे गेले. या वेळी कोणी रडलं नाही.

मला वाटलं, संपलं.

दिवे लावले तर स्वामी हसत होते. म्हणाले, "यंत्र आहे, मी कुठे नाही म्हटलं? शंख हेही यंत्रच. फुंकणारा कोण, ते या मास्तरांना विचारा." साठातल्या चाळीसेक माना डोलल्या. उरलेल्यांनी चपला शोधल्या. आणि जयलक्ष्मी भिंतीला टेकून पांढरीफटक उभी होती. ती ब्रेकरकडे पाहतच नव्हती, माझ्या हातातल्या दोऱ्याकडे पाहत होती.

"मंडल मोडलंस," ती म्हणाली.

गोळ्या थांबून महिना होत आला होता. फिट येणारच होती, आज नाहीतर उद्या. आणि आता ती कोणाच्या खात्यावर मांडली जाणार, हे मला लख्ख दिसलं. तारा आणि खटके मला नीट समजले होते, एवढी सोपी गोष्ट समजली नव्हती. मी हात जोडले, आज रात्रीपासून गोळी दे म्हणालो. तिने खोलीचं दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यशस्विनी जिन्यात पडली. एकामागून एक फिट आल्या. हात मोडला, जीभ चावली गेली, दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकावर मी बसलो की आमचेच नातेवाईक उठून पलीकडे जात. डॉक्टरांनी जयलक्ष्मीला स्पष्ट सांगितलं की हे गोळ्या तोडल्याने झालं. तिने ऐकून घेतलं आणि त्यांना म्हणाली, "माझ्या भावानं पेटी उघडली."

मुलीला घरी आणायच्या दिवशी जयलक्ष्मीने मला वॉर्डाच्या दारात थांबवलं. स्वामींचा फोन आला होता. बहुधा पोलिसांच्या भीतीने, पण गृहस्थ हुशार. "गुरूंनी सांगितलंय, मात्रे परत सुरू करा. रोज, एकही चुकवायचा नाही. मामाच्या पापाला प्रायश्चित्त म्हणून."

मी बोलायला तोंड उघडलं. खाटेवरून यशस्विनी माझ्याकडे पाहत होती. सुजलेल्या जिभेने ती हळूहळू म्हणाली, "मामा, बोलू नका. गोळी मिळतेय."

मी गप्प बसलो. आजही त्या घरात गप्प आहे. भाचीला सकाळ-संध्याकाळ गोळी मिळते, ती बरी आहे. श्रेय स्वामींना, पाप मला. माझ्या गप्प बसण्याला यापेक्षा चांगला भाव मिळाला नसता.

पण तुमच्या घरात मला बोलायला बंदी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. कोणी बोट दाखवून दिवा विझवला, तर दिवा कशाने विझला ते शोधा, आणि तेवढ्यावर थांबू नका. दिवा विझल्याने रोग कसा बरा होतो, हा दुसरा प्रश्न विचारा. तो मी त्या साठ जणांना विचारायला हवा होता, ते राहून गेलं. आणि ज्या घरात कोणाची गोळी थांबवली गेलीय, तिथे स्वामी खरा की खोटा हा वाद उद्यावर ढकला. आधी गोळी द्या.