खोक्यातली मोकळी जागा

मोटर पंच्याहत्तर किलोची होती आणि ती एकट्यानं उचलणारा माणूस डिसेंबरात गेला होता.

मेडनहेडच्या घरामागच्या शेडमध्ये ती लाकडी घोडीवर उभी होती, पंखा खाली, डोकं वर. अलकाचे वडील शशिधर टेम्सकाठच्या बोटयार्डात सव्वीस वर्षं होते. कुणीतरी मोडीत काढलेली ही चाळीस हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर त्यांनी दोन हिवाळे खपून पुन्हा सुरू केली होती, धाकट्या भावासाठी. नंदूकाका कोकणात एका खाडीवर माणसं पलीकडे नेणारी होडी चालवत. त्या होडीचा मक्ता यंदा, म्हणजे एक्क्याण्णवच्या पावसाळ्याआधी, नव्यानं निघणार होता आणि वल्ह्याच्या होडीला तो यापुढे मिळणार नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात बंदरखात्याचे साहेब येणार, होडीला मशीन लावून खाडी पार करून दाखवायची. नाही दाखवली तर मक्ता पलीकडच्या गावाला. ‘दादा, तू पाठवतोयस म्हणून मी निर्धास्त आहे,’ असं काकांचं पत्र आलं, ते बाबांनी हॉस्पिटलातच वाचलं.

पॅकिंग कसं करायचं ते त्यांनी अलकाला तोंडी सांगितलं होतं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून एक वाक्य, मग मास्क, मग पुढचं वाक्य. पेट्रोल पूर्ण काढ. कार्बोरेटर रिकामा कर. उभी ठेवूनच सुरू करायचा दोर चार-पाच वेळा ओढ, म्हणजे आतलं पाणी निथळेल. सिलिंडरात तेल सोड, प्लग परत लाव. जाड फळीला बोल्टनं आवळ, खोक्यात ती उभीच राहिली पाहिजे. वरचं झाकण काढून बाजूला ठेव, खोकं फूटभर बुटकं होईल. उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरव. “आणि मग,” ते म्हणाले, “तिला कशाचा स्पर्श नको.”

अलकानं हे सगळं हॉस्पिटलच्या मेनूकार्डामागे लिहून घेतलं. ती लायब्ररीत नोकरी करायची. लिहून घेतलेली गोष्ट सुरक्षित असते, असं तिला तोवर वाटत आलं होतं.

फेब्रुवारीत ती उदयकडे गेली. स्लाऊला त्याचं गोडाऊन होतं, तिथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांची खोकी तोच भारतात पाठवायचा.

“विमानानं?” उदय हसला. “अलकाताई, मग मोटरला खिडकीची सीटच घ्या ना. जेवणही मिळेल.”

“बोटीनं किती दिवस लागतील?”

“मुंबईला सहा आठवडे. वर कस्टमचे चार धरा. मे महिन्यात गावी. आणि बोटवाले वजन नाही बघत, जागा मोजतात. खोकं लहान तेवढं स्वस्त. फक्त पेट्रोलचा वास आला तर मी दारातूनच परत पाठवणार. शशीकाका स्वतः घेऊन आले असते तरी.” मग तो घाईघाईनं फॉर्म शोधू लागला.

बोटवाले जागा मोजतात, हे मंडळातल्या प्रत्येक घराला पाठ होतं. म्हणून इथून खोकं मोकळं कधी जायचंच नाही. कुकरमध्ये टॉवेल, टॉवेलात चॉकलेट, बुटांत मोजे, मोज्यांत साबण. हवेचं भाडं कशाला भरायचं, असं बाबाच म्हणत आणि सांदीसांदीत काहीबाही कोंबत. हे खोकं मात्र त्यांनी मोकळं पाठवायला सांगितलं होतं.

शनिवारी यार्डातली दोन माणसं येऊन वरच्या फळ्या सोडून खोकं ठोकून गेली. अलका कार्डावरचं एकेक वाक्य वाचत होती, ते करत होते. दोर ओढल्यावर पाण्याचे चार थेंब पडले, मग पडेनासे झाले. जाताना त्यांतल्या एकानं मोटरवर नुसता तळहात ठेवला.

रविवारी सकाळी आई धुतलेल्या कपड्यांचे दोन ढीग घेऊन शेडमध्ये आली. बाबांचे शर्ट, स्वेटर, यार्डातला जाड कोट. आठवडाभर ती ते धूत होती. गेलेल्या माणसाचे कपडे भावाला द्यायचे, पण न धुता द्यायचे नाहीत. जिन्यावर, खुर्च्यांवर, रेडिएटरांवर सगळीकडे ते पसरलेले होते, आणि बाहेर सतत पाऊस होता.

“एवढी सगळी जागा मोकळी जाणार?” आई खोक्यात वाकून म्हणाली.

“बाबा म्हणाले होते, कशाचा स्पर्श नको तिला.”

“कपड्यांनी काय होतंय लोखंडाला? गादीच होईल तिला. धक्के नाही बसणार.”

“आई, वेगळं पार्सल करू या.”

“पोस्टानं?” आईनं वर पाहिलं. “तेवीस वर्षं त्यांनी भावाला खोकी भरून पाठवली. आणि त्यांचे स्वतःचे कपडे मी पोस्टानं पाठवू?”

अलकानं ढिगातून तपकिरी स्वेटर उचलला. कॉलर गार लागली. पण फेब्रुवारीत त्या घरात सगळंच गार लागायचं. भिंत, चमचा, उशी. तिनं तो गालाला लावला. गार होता की ओलसर, ते तिला कळेना. साबणाचा वास येत होता. बाबांचा येत नव्हता.

“वाळलेत,” आई म्हणाली. “मी बघितलंय.”

आईचे डोळे तिच्या तोंडावर खिळलेले होते. आणखी एक दिवस वाळू दे, एवढंच म्हणायचं होतं. पण उदयचा कंटेनर सोमवारी निघणार होता, आणि तसं म्हटलं असतं तर आईला हात मागे घ्यावा लागला असता. अलकानं स्वेटर परत दिला.

आईनं दीड तास भरलं. झाकण काढल्यामुळे इंजिन उघडंच होतं, त्याच्याभोवती तिनं स्वेटरच्या बाह्या गुंडाळल्या, खालून शर्ट दाबून बसवले, वर कोट पांघरला. मग प्लास्टिक, मग फळ्या. खिळे अलकानं ठोकले.

मार्च गेला, एप्रिल गेला. उदय दर आठवड्याला फोन करायचा: बोट सुएझला, बोट मुंबईला, खोकं कस्टममध्ये. मे संपता संपता गावाहून पत्र आलं, मशीन हाती लागलं. आईनं ते पत्र मंडळात तीन घरी वाचून दाखवलं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी काकांचा फोन आला. आई बाजारात गेली होती.

“अलके, बाय, मशीन सुखरूप आलं हो. खोक्याला ओरखडा नाही.”

“मग चालू झालं?”

“चाक फिरत नाही गो.” फोनमध्ये कुणीतरी खोकलं, मागे एसटीचा हॉर्न वाजला. “दापोलीचा मिस्त्री दोनदा आणला. चार दिवस तेलात ठेवलं. आतून गंजून धरलंय म्हणाला. प्लास्टिक फाडलं तेव्हा नुसती वाफ आली. कपड्यांना बुरशी. दादाचा एक स्वेटर इंजिनाला असा चिकटला होता, सोडवताना फाटला.”

“आणि साहेब?”

“मंगळवारी येऊन गेला. मी वल्हवूनच दाखवली. चांगला माणूस, हसला नाही. मक्ता पलीकडे गेला.” “माझं वय झालंच होतं म्हण. वहिनीला कपड्यांचं सांगू नकोस.”

अलकानं रिसीव्हर ठेवला तेव्हा आई दारात उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या.

“भाऊजींचा होता? झाली चालू?”

“नाही. इंजिन गंजलं. मक्ता गेला.” अलकानं श्वास घेतला. “पाणी राहिलं होतं आत. मी नीट काढलं नाही.”

आईनं पिशव्या खाली ठेवल्या. “सांगितलं होतं ना त्यांनी तुला?”

“हो.”

“लिहून घेतलं होतंस.”

“हो.”

“मग?”

आई रडेल असं तिला वाटलं होतं. पण आईनं पिशवीतले बटाटे काढून एकेक करून टोपलीत ठेवले.

“दोन हिवाळे,” ती म्हणाली. “बोटं फुटायची त्यांची त्या शेडमध्ये.” आणि शेवटचा बटाटा ठेवून, मागे न वळता, “कपडे तरी मिळाले भाऊजींना?”

“मिळाले.”

“मग एवढं तरी नीट पोचलं.”

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक त्यांच्याच घरी होती. कांताबाईंनी चहाचा कप हातात घेता घेता विचारलं, “काय यमुनाबाई, धावायला लागली की नाही त्यांची मोटर?”

“नाही हो. हिनं पाणी ठेवलं आत. वाया गेली.” आईचा आवाज चढला नव्हता.

उदयनं अलकाकडे पाहिलं. खोक्यात ओल धरते ती कोंबलेल्या कपड्यांनी, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. त्यानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. अलकानं मान किंचित हलवली. त्यानं तोंड मिटलं.

“असू दे गं, होतं कधी कधी,” कांताबाई म्हणाल्या.

“त्यांच्या हातून नसतं झालं,” आई म्हणाली.

“नसतं झालं,” अलका म्हणाली आणि पुढच्या माणसाच्या कपात चहा ओतू लागली.