एकच कुलूप

बुधवारी दुपारी मंजुळाबाई लसूण सोलत बसल्या होत्या, तेव्हा मोबाइल वाजला आणि यादी आली. चिंचवडच्या खेळांच्या दुकानाच्या ग्रुपवर पोरांनी आधीच गोंधळ घातला होता. रणचौकी या पत्त्यांच्या खेळाची कंपनी दर काही महिन्यांनी अशी यादी काढायची. कोणता पत्ता बंद, कोणता डेकमध्ये, म्हणजे आपल्या खेळायच्या गठ्ठ्यात, एकच ठेवायचा. मंजुळाबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘महापूर’ बंद. ‘कुलूप’ तीनऐवजी एक.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी चिंचवडला स्पर्धा होती, आणि त्यांचा सगळा डेक या दोन पत्त्यांवर उभा होता.

मंजुळाबाई बावन्न वर्षांच्या. राहायला काळेवाडीत, गाव बीडकडचं. पत्ते खरं तर मुलीचे, करिष्माचे. ती नोकरीला नाशिकला गेली तेव्हा डबा कपाटातच राहिला. आई एकटी पडली म्हणून तिनं व्हिडिओ कॉलवर हा खेळ शिकवला. वर्षभरापासून मंजुळाबाई दर रविवारी दुकानात जाऊन पोरांशी खेळायच्या. नवऱ्याला सांगायच्या, महिला मंडळात जाते. रंगराव चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटीला होते आणि रविवारी त्यांची दिवसपाळी असायची.

खेळात प्रत्येकाचे पन्नास पत्ते आणि वीस प्राण. सैनिक मैदानात आणायचे आणि समोरच्याचे प्राण संपवायचे. मंजुळाबाईंच्या डेकला पोरं कंट्रोल म्हणायची. म्हणजे स्वतः हल्ला करायचा नाही, समोरच्याचाही होऊ द्यायचा नाही. त्यानं मोठा पत्ता टाकला की कुलूप लावून रद्द करायचा. मैदानात सैनिक फार झाले की महापूर आणून सगळे वाहून न्यायचे. तो दमला की मग सावकाश डाव संपवायचा.

हे त्यांना पहिल्या महिन्यातच जमलं, आणि का जमलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रंगरावांची गाडी खाली स्टँडवर कशी लागते, त्या आवाजावरून त्या संध्याकाळचा अंदाज बांधायच्या. आवाज जोरात आला की टीव्ही बंद, भाजीचं मीठ पुन्हा चाखायचं, उलट बोलायचं नाही. तीस वर्षं हेच चाललं होतं. तरीही एखाद्या दिवशी ताट भिंतीवर जायचं. एखाद्या दिवशी हात उठायचा.

संध्याकाळच्या आत त्यांनी करिष्माला फोन लावला.

“आई, डेक बदलावा लागेल,” करिष्मा म्हणाली. “महापुराच्या जागी हल्ल्याचे सैनिक घाल. रानगवे घाल तीन.”

“हल्ला मला जमत नाही गं.”

“मग काय करणार आहेस?”

मंजुळाबाईंनी तटबंदीचे पत्ते वाढवले. आठ पहारेकरी, चार भिंती, एक कुलूप. रविवारी त्या दुकानात जाऊन भैरूसमोर बसल्या. भैरू पुनावळ्याचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला, चाकणला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये, रंगकामाला. तो सरळ अंगावर येणारा खेळाडू होता. मंजुळाबाई सलग तीन डाव हरल्या.

भैरूनं पत्ते गोळा करता करता त्यांच्या हातातला शेवटचा पत्ता उलटा करून बघितला. तो कुलूपच होता.

“काकू, तिन्ही डावांत ह्ये तुमच्या हातात व्हतं. लावलं का न्हाई?”

“लावलं असतं तर एकच आहे ते संपलं असतं. मग पुढं काय?”

“मग पुढं तुमी मारायचं,” भैरू म्हणाला. “आन् एक सांगू का? मला ठावं न्हवतं की कुलूप तुमच्या हातात हाय. पण तुमी दोन मशाली पेटत्या ठेवल्या की मी बिचकत व्हतो.”

मशाली म्हणजे पत्ता खेळायची ताकद. कुलपाला दोन लागायच्या, आणि न वापरलेल्या मशाली समोरच्याला पेटत्या दिसायच्या. घरी जाताना बसमध्ये मंजुळाबाई त्याच्या बोलण्याचा विचार करत राहिल्या. कुलूप एकच उरलंय हे सगळ्यांना माहीत. ते हातात आहे की डेकमध्ये, हे मात्र फक्त त्यांनाच माहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही भिंती काढल्या आणि तीन रानगवे, एक गजराज घातला. गवे डेकमध्ये सरकवताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये बावीसजण होते. त्यांत बाई त्या एकट्याच. फेऱ्या पाच, हरलं तरी सगळ्या खेळायच्या. पहिली फेरी जिंकल्या, दुसरी हरल्या. तिसऱ्या फेरीत समोर रविराज नावाचा तरुण आला, पत्ता टेबलावर आपटून टाकणारा. दर आपटण्याला मंजुळाबाईंचे खांदे वर जायचे. त्यांचे प्राण विसावरून सातावर आले होते. टेबलाखाली त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

तेवढ्यात दारात खाकी दिसली.

रंगराव ड्यूटीच्या कपड्यांतच उभे होते. पाळी बदलली असावी, किंवा कुणीतरी सांगितलं असावं. ते हॉलमध्ये एकेक टेबल बघत होते. उठावं आणि मागच्या दारानं निघून जावं, असं मंजुळाबाईंच्या मनात आलं. पण मागचं दार कुठं आहे ते त्यांनी बघून ठेवलं नव्हतं.

“काकू, माझी चाल आहे,” रविराज म्हणाला. त्यानं एक पत्ता हातातून अर्धा वर काढला. त्याचा मोठा पत्ता असणार.

मंजुळाबाईंच्या हातात कुलूप नव्हतं. दोन रानगवे होते. समोर दोन मशाली मात्र पेटत्या होत्या. त्यांनी एका पत्त्यावर बोट ठेवलं आणि रविराजकडे बघितलं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, एवढं त्यांना येत होतं. दारातल्या माणसानंच ते शिकवलं होतं.

रविराजनं त्या दोन मशालींकडे बघितलं, त्यांच्या बोटाकडे बघितलं आणि पत्ता परत हातात घेतला. एक छोटा सैनिक टाकून चाल संपवली.

मंजुळाबाईंनी गवे बाहेर काढले. एक, मग दुसरा. पुढच्या चालीला दोघांनाही हल्ल्याला पाठवलं. हल्ल्यासाठी पत्ता आडवा करताना तो टेबलावरून घसरला आणि रविराजनंच उचलून दिला. आणखी तीन चालींत डाव संपला. मंजुळाबाई जिंकल्या.

तोवर रंगराव टेबलाशी येऊन उभे राहिले होते.

“हे मंडळ हाय का तुझं?” ते हळू आवाजात म्हणाले. हळू आवाज मोठ्या आवाजापेक्षा वाईट असायचा. “ऊठ. घरी चल.”

मंजुळाबाईंना वाटलं, आपण उठलोच. पण त्या बसलेल्याच होत्या.

“दोन फेऱ्या राहिल्यात,” त्या म्हणाल्या. “संपल्या की येते.”

रंगरावांचा जबडा हलला. पलीकडच्या टेबलावरून भैरू उठला आणि स्वतःची खुर्ची उचलून त्यांच्याजवळ आणून ठेवली.

“बसा की काका. बघा काकूंचा डाव.”

हॉलमधली वीसएक डोकी तिकडेच बघत होती. रंगरावांनी खुर्चीकडे बघितलं आणि ते निघून गेले.

पुढच्या दोन फेऱ्यांतली एक मंजुळाबाई जिंकल्या, एक हरल्या. सातवा नंबर आला. भैरू म्हणाला, गाडीवर सोडतो. त्या नको म्हणाल्या. मग त्या बसमध्ये बसल्या. त्यांनी करिष्माला फोन केला आणि दिवसभर काय झालं ते सांगितलं. गेल्या तीस वर्षांतलंही थोडं सांगितलं, जे तिला कधी सांगितलं नव्हतं. करिष्मा रडली आणि म्हणाली, “घरी जाऊ नकोस, सरळ इकडे ये.”

मंजुळाबाई घरी गेल्या, पण आपल्या दारात नाही. शेजारच्या कौशल्याबाईंची कडी वाजवली. अठरा वर्षांचा शेजार. भिंतीपलीकडचं सगळं त्यांना ऐकू जात असणार, तरी कधी विषय निघाला नव्हता.

“माझ्यासोबत घरात चला,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मला भीती वाटतेय.”

कौशल्याबाई गॅस बंद करून तशाच निघाल्या.

रंगराव पलंगावर बसले होते. शेजारीण बघून ते सरळ झाले. मंजुळाबाईंनी पिशवी खाली ठेवली नाही.

“पुढच्या रविवारीही मी जाणार आहे,” त्या म्हणाल्या. “खोटं सांगून नाही, सांगून जाणार आहे. आणि हात उचललात तर मी करिष्माकडे जाईन. तिनं बोलावलंय.”

रंगरावांनी कौशल्याबाईंकडे बघितलं. त्या तिथंच, दाराला टेकून उभ्या होत्या. मग रंगरावांनी रिमोट उचलला आणि टीव्ही लावला.

मंजुळाबाईंनी खिचडी टाकली. कौशल्याबाई नऊपर्यंत बसल्या, दोघी जेवल्या. त्या रात्री मंजुळाबाई झोपायलाही त्यांच्याकडेच गेल्या. पुढच्या रविवारी त्यांनी रंगरावांना सांगितलं, चिंचवडला पत्ते खेळायला जाते, सहापर्यंत येते. ते बूट पुसत राहिले. मंजुळाबाई कठड्याला धरून जिना उतरल्या आणि बसस्टॉपकडे निघाल्या.