डफड्याविना दवंडी

मी तापट हाय, हे सगळ्या झरी गावाला ठावं हाय. पण त्या दिवशी चावडीवर तो कागद ऐकला अन् माझं डोस्कंच फिरलं!

झालं असं. चौऱ्याहत्तर साली आमच्याकडची खाजगी बँक बुडाली. तिची मालमत्ता बाहेरच्या एका कंपनीनं घेतली. त्यात बँकेचं गोदाम, अन् गोदामात भाड्यानं माझी पिठाची गिरणी. गोदाम दुसऱ्याला गेलं की गिरणी रस्त्यावर! पण असल्या कंपन्यांना सरकारनं परवान्यात अट घातली होती. विकायच्या आधी गावात दवंडी द्यायची. विकत घ्यायचा पहिला हक्क भाडेकरूला. महिन्यात तो बोलला न्हाई तर हक्क खलास.

सरकारी तपासनीस अनंतराव चौकशीला आले. कंपनीचा कारकून बन्सीधर ऐटीत पंचनामा वाचायला लागला, "वेसकर सूर्यभान सिताराम याने डफडे वाजवून दवंडी दिली. महिना उलटला, भाडेकरू बोलला नाही."

"आरं बाबा, सूर्यभान मीच अन् भाडेकरू बी मीच! म्हंजे मीच दवंडी दिली अन् मलाच ऐकू आली न्हाई?"

चावडी खो-खो हसली. मला मात्र हसू येईना.

"साहेब, छप्पन साली आमी बौद्ध झालो, त्याच दिवशी वेसकरकी सोडली अन् डफडं पाटलाच्या दारात ठेवलं. अठरा वर्सं हात लावला न्हाई. ह्या कारकुनानं जुन्या दप्तरातून नाव उचललंय!"

"पण खाली पंच म्हणून आबासाहेब पाटलांची सही आहे," अनंतराव म्हणाले.

सगळे आबासाहेबांकडं बघायला लागले. ते उठले अन् निघून गेले. गेली गिरणी, म्हणलं.

घटकाभरानं ते परत आले, हातात डफडं! उंदरांनी कातडं खाल्लेलं, मूठ आरपार जाईल एवढं भोक.

"ह्यानंच ठेवलं होतं," आबासाहेब म्हणाले. "माझ्या वडिलांनी रागानं खुंटीला टांगलं. म्हणले, येईल मागायला. आला न्हाई. साहेब, मी न वाचता सही केली. लय चुकलो."

अनंतरावांनी पंचनाम्यावर फुली मारली! तिथंच नवी नोटीस लिहायला घेतली.

"तुमच्या नावापुढं काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

"गिरणीवाले लिवा."

"आता दवंडी कोण देणार?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"वाजवणार न्हाई," मी म्हणलं. "वाचून दावतो."

चावडीच्या ज्या ओट्याखाली माझा बाप हात जोडून उभा ऱ्हायचा, त्या ओट्यावर चढलो. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं वाचलं, "गोदामावर पहिला हक्क भाडेकरू सूर्यभान सिताराम, गिरणीवाले, यांचा आहे."

बन्सीधर पडल्या तोंडानं म्हणाला, "भाडेकरूचं म्हणणं?"

मी कागदावरचं 'गिरणीवाले' पुन्यांदा वाचत ऱ्हायलो.

"आवं, घेतो म्हना की!" गर्दीतून माझी बायको सुलाबाई वरडली.

"घेतो!" मी म्हणलं. "लिवा साहेब, घेतो!"