सत्तरीची पेन्शन

आमच्या गावात माणूस साठीला आला की त्याला दोनच प्रश्न विचारतात: गुडघे कसे आहेत, आणि सरकारी पेन्शन कधी घेणार. पहिल्याचं उत्तर काहीही द्या, कुणी वाद घालत नाही. दुसऱ्याचं मात्र एकच चालतं: सत्तरीला. ही पेन्शन इथे नोकरी केलेल्या प्रत्येकाला मिळते; बासष्टाव्या वर्षी घेता येते, पण मग जन्मभर कमी मिळते. सत्तरीपर्यंत जितकं थांबाल तितका आकडा फुगतो. हे इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

मी बासष्ट लागल्या लागल्या घेतली. शाळेची बस चालवून माझी पाठ कामातून गेली होती आणि पोरांच्या किंकाळ्यांनी डोकंही. गावाने मला वेड्यात काढलं. त्यात आघाडीवर माझ्या धाकट्या बहिणीचा, आर्डिसचा, नवरा लाइल. "व्हर्ना, तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास," म्हणाला. तसं त्याचं अगदीच चूक नव्हतं. जळणाला पैसे पुरत नाहीत म्हणून माझं घर हिवाळ्यात गार असतं आणि दोन दाढा अजून बसवायच्या राहिल्यात. पण हे मी समजून उमजून केलं होतं.

लाइल हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा असायचा. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर. त्याला ही थांबण्याची दीक्षा मिळाली ती नदीकाठच्या हॉटेलात, फुकटच्या कोंबडीच्या जेवणावर. ट्रेंट नावाचा एक सल्लागार म्हाताऱ्यांना जेवू घालून पैशाचं ज्ञान द्यायचा. आर्डिसने मलाही ओढून नेलं होतं.

"ज्याची पेन्शन मोठी, त्याने सत्तरीपर्यंत थांबावं," ट्रेंट म्हणाला. "कारण नवरा गेला की तीच मोठी रक्कम बायकोला मिळत राहते. हे तिच्यावरचं प्रेम समजा."

"तुझं वय काय रे बाळा?" मी विचारलं.

"एकतीस."

"मग थांबायला तुझं काय जातंय!"

सगळे हसले. लाइल हसला नाही. तो कागदी रुमालावर आकडे मांडत होता आणि मधूनच आर्डिसकडे मायेने बघत होता. ती बटाटे खात होती. तुला काय हवंय, हे तिला ना त्या पोराने विचारलं, ना नवऱ्याने.

तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. नदीचं पाणी गोठलं की आर्डिस बर्फावर तिची लाकडी खोपटी ओढून नेई, बर्फाला भोक पाडी आणि पर्च मासे धरत बसे. नवऱ्याला मासेमारीचं वेड आणि बायको कुरकुरतेय, अशी जोडपी इथे घरोघरी. हिच्याकडे सगळं उलटं. खोपटीत दोन खुर्च्या होत्या. लाइल कामावर, म्हणून दुसऱ्या खुर्चीत मी. मला माशांचा वास सोसत नाही आणि माझे पाय गारठून लाकूड होतात.

"तोंड वाकडं करू नकोस," ती म्हणायची. "मासे घाबरतात."

"लाइलला आणून बसव की."

"तो सत्तरीला येणार आहे." हे ती इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणायची की मी हसायचे. नंतर नंतर मला हसू येईनासं झालं.

लाइल एकोणसत्तरचा झाला त्या उन्हाळ्यात आर्डिसच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, औषधं लागू पडली तर दोन वर्षंसुद्धा जातील. लाइलने त्यातलं "दोन वर्षं" तेवढं ऐकलं. त्याच रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी सूप ढवळत होते, तेव्हा आर्डिस त्याला म्हणाली, "लाइल, आता पेन्शन चालू कर आणि घरी राहा. मला तू दिवसा हवा आहेस."

"अगं, आता थोडकेच महिने उरलेत. दर महिन्याला रक्कम वाढतेय. माझ्यामागे तुला जन्मभर पुरेल."

"कुणाच्या जन्मभर?"

"असं अभद्र बोलू नकोस. तू बरी होणार आहेस." त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि दुसऱ्या दिवशीचा डबा भरायला घेतला. मला त्याच्या डोक्यात तो सुपाचा डाव घालावासा वाटला. पण डब्याचं झाकण त्याने उलटं लावलं, काढलं आणि पुन्हा उलटंच लावलं. पेन्शन घेणं म्हणजे ती जाणार हे कबूल करणं, असंच त्याने धरलं होतं. ती रक्कम वाढतेय तोवर तीही राहणार, असा त्याचा हिशेब. असल्या माणसाला काय बोलणार?

त्या हिवाळ्यात ती बर्फावर गेलीच नाही. दिवसा तिच्याजवळ मी बसायचे, संध्याकाळी लाइल यायचा, बोटांना रंग लागलेला. ती तोवर औषधाने झोपलेली असायची. फेब्रुवारीत ती गेली.

मे महिन्यात लाइल सत्तरचा झाला. दुकानातल्या पोरांनी केक आणला. "जिंकलास म्हाताऱ्या, पुरी पेन्शन!" म्हणून पाठीवर थापा मारल्या. लाइलने सगळ्यांचे आभार मानले. आता निदान हा पाय पसरून बसेल असं मला वाटलं. पण जुलैत मी कुंपणासाठी रंग आणायला गेले, तर काउंटरवर हाच.

"अरे, तू अजून इथे?"

त्याने रंगाचा डबा हलवायच्या यंत्रात ठेवला. यंत्राची खडखड थांबू दिली. मग म्हणाला, "व्हर्ना, एक सांग. माझं गणित चुकलं का?"

इतक्या वर्षांत त्याने मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. माझ्या जिभेवर टोमणे तयार होते, ते मी गिळले. आपलं खरं ठरलं याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"गणित बरोबर होतं, लाइल," मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी. मी कितीदा तपासलंय." त्याने झाकण ठोकून बसवलं.

"मग आता तरी घरी राहा की. पेन्शन येतेय ना पुरी?"

"येते." माझ्या मागे गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्याने हाताने जरा थांबवलं. "घरी राहून काय करू? जिला दिवसा मी हवा होतो, ती नाही तिथे."

आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला, त्याला कुठला रंग हवाय ते विचारायला.