तिसरी रेघ

पडद्यावर पृथ्वीच्या तापमानाच्या तीन रेघा होत्या. माणसं आजच्यासारखाच धूर ओकत राहिली तर काय होईल, ते पहिली सांगत होती. ती चढतच गेली, त्यात नवल नव्हतं. दुसरी धूर पुरता थांबला तर काय, याची. ती जरा चढून जवळपास सपाट झाली. चूक थांबवली की निदान शिक्षा वाढत नाही, एवढा दिलासा तिच्यात होता. तिसरी मात्र पस्तावलेल्यांची. नुसतं थांबायचं नाही, हवेत सोडलेला कार्बन ओढून परत जमिनीत पुरायचा. आणि नेमकी तीच वर निघाली होती!

ही गणितं मांडणाऱ्या बाईला विभागात सगळे ताई म्हणत. दुपारी सल्लागारांपुढे उभं राहून तिलाच सांगायचं होतं, कार्बन पुरण्याचे प्रयोग चालू ठेवावेत की गुंडाळावेत. रेघ म्हणत होती, गुंडाळा. मागे फिरणाऱ्याला दारच नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

किती कार्बन काढायचा, ते आकडे शेजारच्या टेबलावरचे अण्णा भरत आणि त्यावरून तापमान काढणारा प्रोग्राम ताईचा. तिने आकडे पुन्हा बघायला सांगितले. अण्णांना ते लागलं. डोळ्यांत तेल घालून भरलेत, तूच तुझं बघ, म्हणाले. तिनेही तेच ऐकवलं. शब्दाने शब्द वाढला.

"अगं, रकान्यावर ढळढळीत 'वजा' लिहिलंय," अण्णा शेवटी म्हणाले. "म्हणून तर एकूण एक आकडा मी उणे टाकला."

ताई थबकली.

"'वजा' लिहिलंय म्हणूनच तर माझा प्रोग्राम तो रकाना वजा करतो, अण्णा."

उणे आकडा वजा केला की भर पडते, हे दोघांनाही शाळेपासून पाठ. पण दोघांनी एकाच शब्दाचा मान राखला आणि पुरायचा तेवढा कार्बन उलट हवेत ओतला.

"म्हणजे पृथ्वी मी एकट्याने नाही भाजली," अण्णा पुटपुटले.

"तुम्ही वडीलधारे. पहिला मान तुमचा."

अण्णांना हसू आवरेना. ताईने एक उणे काढून टाकलं आणि गणित पुन्हा लावलं. रेघ चढली, रेंगाळली, मग अगदी आढेवेढे घेत खाली वळली. ताईने हात जोडले, कोणाला ते तिचं तिला ठाऊक.

दुपारी एका सल्लागाराने विचारलं, मग सगळं होतं तसं होईल का?

"सगळं नाही," ती म्हणाली. "चढलेला समुद्र आपल्या हयातीत मागे हटायचा नाही. पण ताप उतरतो. सावकाश उतरतो, पण उतरतो. प्रयोग चालू ठेवा."

एवढं बोलून ती खाली बसली. मागच्या रांगेत अण्णांनी इतक्या मोठ्याने सुस्कारा सोडला की अध्यक्षांनी वळून पाहिलं.