पाहुण्यांचं आधी

सिंधूताईंनी तव्यावरची पोळी उलटली आणि कान बैठकीकडे लावला. तिकडे कोणीतरी मोठ्यानं हसलं, पानाच्या डब्याचं झाकण वाजलं, पुन्हा हसणं. म्हणजे कामाला अजून हात लागलेला नव्हता. पुरुषांची बैठक म्हटली की आधी पीकपाणी, मग सोयरिकी, मग कोणाची जीप कुठल्या घाटात बंद पडली त्याची हकिकत, हे त्यांना आता चांगलं ठाऊक झालं होतं.

“निंगालं का आपल्या गावाचं?” गोजरबाईंनी विचारलं.

“नाही अजून. चहाच चालू हाये.”

शेजारच्या गोजरबाई सकाळपासूनच मदतीला आल्या होत्या आणि सून शकुंतलेलाही घेऊन आल्या होत्या. शकुंतलेचा आठवा महिना सरत आला होता. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून ती पुरणाचे गोळे वळत बसली होती. मधूनच थांबायची, कंबरेवर हात ठेवायची आणि सासूचं लक्ष नाही असं पाहून हळूच उसासा सोडायची. सिंधूताईंचं मात्र लक्ष होतं.

जिल्हा परिषद नवी नवी होती. मुंबईच्या सचिवालयातला कारभार आता आपल्या जिल्ह्यात आला, असं सभासभांतून सांगून झालं होतं, आणि निवडणूकही पक्षानं जिंकली होती. सभागृहात एक तरी बाई पाहिजे म्हणून पक्षानं सिंधूताईंना सदस्य म्हणून नेमून घेतलं. विधवा बाई, त्यात चौथी शिकलेली, बुलढाण्याला जाऊन खुर्चीवर बसते म्हणून जानेफळपासून मेहकरपर्यंतच्या सोयऱ्यांत कुजबुज झाली. पण भासरे, म्हणजे थोरले दीर गुलाबराव एवढंच म्हणाले, “कामाले जाते, नाचाले नाही.” कुजबुज तिथंच थांबली. भासऱ्यांचे हे उपकार सिंधूताई विसरल्या नव्हत्या.

त्यांना मागायचं एकच होतं, गावात बाळंतपणाचा दवाखाना. इमारतीचं मागाहून झालं तरी चालेल, आधी नुसती एक नर्सबाई पाठवा. खोली मी देते. परसाकडची खोली त्यांनी दिवाळीतच चुन्यानं रंगवून ठेवली होती, त्यात बाज टाकली होती, पाणी तापवायला मोठा हंडा मांडला होता. निवडणुकीच्या आधी त्याच खोलीत त्यांची लेक शरयू बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून लेक हौसेनं घरी आली आणि अडली, तेव्हा तिला गाडीत घालून मेहकरला न्यायची वेळ आली. ती वाटेतच गेली. पोटातलं मूलही गेलं.

तेव्हा भगवानराव अजून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झालेले नव्हते, नुसते भगवानराव होते. घाटाखालून, पार जळगाव जामोदच्या बाजूहून, ते भेटायला आले होते. ओसरीत बसून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “बाई, आपलं राज येऊ द्या. पयलं काम तुमच्या गावचं.” सिंधूताईंनी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला होता.

पुढे बुलढाण्याला दोनदा बैठक झाली. दोन्ही वेळा त्यांची बोलायची पाळी आली तेव्हा पुरुषमंडळी बस चुकेल म्हणून उठली. पक्षाची रीतच तशी होती. सभागृहात नुसते हात वर करायचे. कोणतं काम आधी, कोणतं मागून, हे त्याआधीच कुठंतरी घरगुती बैठकीत, जेवणावर ठरायचं. मग सिंधूताईंनी विचार केला, ही अग्रक्रमाची बैठक आपल्याच घरी का नको? आपलं घर, आपलं अन्न. इथून कोण उठून जातो, पाहू.

बिचारीचा हिशोब इथंच चुकला. बुलढाण्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या सदस्य सिंधूताई निराळ्या, आणि या घरातली धाकटी सून निराळी. भासरे बैठकीत बसलेले असताना तिनं कधी बैठकीचा उंबरा ओलांडला नव्हता. भासऱ्यांशी ती समोरासमोर कधी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं तर कोणाच्या तरी तोंडून, दाराआडून. घरी बैठक म्हटल्यावर घरचे कर्ते म्हणून भासरेच लोडाला टेकून बसणार, हे बोलावणं धाडताना त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते सकाळी, भासऱ्यांनी धुतलेलं धोतर मागितलं तेव्हा. तोवर पुरण शिजायला टाकून झालं होतं.

पंगत बसली. गुलाबराव स्वतः वाढायला उठले. आतून ताटल्या दारापर्यंत यायच्या, तिथून ते उचलायचे. सिंधूताईंनी वड्यांची ताटली गोजरबाईंच्या हाती दिली.

“भाऊजीले म्हना, नर्सबाईचं तेवढं काढा.”

गोजरबाईंनी दारात ते तसंच्या तसं सांगितलं. गुलाबरावांनी मान डोलावली. सिंधूताईंच्या जिवात जीव आला. त्या दाराच्या फळीला टेकून उभ्या राहिल्या.

पक्षाचे चिटणीस नीळकंठराव वकील. त्यांनी जेवता जेवताच एकेक बाब सांगायला घेतली. पहिलं, रस्ते. तालुक्याची गावं एकमेकांना जोडायची. त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. फक्त कोणता रस्ता कोणाच्या शेताजवळून जावा यावर कढी वाढून होईपर्यंत वाद चालला. दुसरं, हायस्कुलं. तिसरं, विहिरी.

“आता राहिला दवाखाना,” वकील म्हणाले. “यंदा एकच बसतो. नर्सही एकच मिळणार आहे. दोन गावांची मागणी आहे. एक या गावची, एक अध्यक्षसाहेबांच्या गावची.”

भगवानरावांच्या गावाहून डॉक्टरकडे सायकलवर जाता येत होतं, हे पंगतीत सगळ्यांनाच माहीत होतं. भगवानरावांनाही ते माहीत असावं, कारण त्यांनी ताटातला घास हातात तसाच धरला.

“गुलाबराव, तुम्ही सांगा बा,” ते म्हणाले. “तुमच्या घरी बसलो आहो. तुम्ही म्हनसान तसं करू.”

आत शकुंतलेचे हात थांबले. सिंधूताई मनातल्या मनात विनवू लागल्या. बोला भाऊजी. एवढं एकदा बोला.

गुलाबरावांच्या हातात तुपाचं भांडं होतं. ते अध्यक्षांच्या ताटापुढे वाकले, पोळीवर सढळ हातानं तूप सोडलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, हसून म्हणाले,

“असं कसं, साहेब? पाहुण्याचं आधी. आमचं मांगून झालं तरी चालते.”

“वा!” कोणीतरी म्हणालं. “घर असावं तं असं.”

सिंधूताई फळीला धरून खाली बसल्या. त्यांना भासऱ्यांचा राग यायला हवा होता, पण तोही नीट येईना. या घरात आल्यापासून त्यांनी हेच तर पाहिलं होतं. पाहुण्याला पहिलं ताट, पाहुण्याला मोठं घोंगडं, दुष्काळात घरची माणसं कण्या खात असताना पाहुण्याला भात. दारी आलेल्याकडे या घरानं कधी काही मागितलं नव्हतं. ज्यांच्याशी भांडायचं होतं त्यांना आपणच पाहुणे करून आणलं, आपणच पाट मांडले. बुलढाण्याला असतो तर खुर्चीवरून उठून ओरडलो तरी असतो. आता ओरडायला जागाच उरली नव्हती.

शकुंतला त्यांच्याकडे पाहत होती. तिला काय ठरलं ते पुरतं समजलं नव्हतं, की समजलं होतं म्हणून ती काही विचारत नव्हती, कोण जाणे. सिंधूताईंना तिच्याकडे पाहवेना.

जेवणं झाली, हात धुवून झाले, पानं झाली. भगवानराव माणूस वाईट नव्हता. पोटात पुरण गेलं होतं आणि मनात कुठंतरी टोचत असावं. ते एकदम हळवे झाले.

“मंडळी, एक गोष्ट सांगतो. निवडणुकीत या बाई आपल्यासोबत गावोगाव फिरल्या. आपल्या लेकीचं कसं झालं थे सांगत. बाया ऐकत आन रडत. आज आपण इथं बसलो आहो थे त्या पोरीच्या पुण्याईनं. म्हनून माझं म्हननं असं, का माझ्या गावच्या दवाखान्याले त्या पोरीचंच नाव द्या.”

सगळे एकदम बोलू लागले. छान, फार छान. कोणीतरी टाळी वाजवली. वकिलांनी पेन उघडलं. दिवसभराच्या बैठकीत सगळ्यांनी एवढ्या उत्साहानं उचललेली ही पहिलीच बाब होती.

“ठरावात पूर्ण नाव लागेल,” वकील म्हणाले. “मुलीचं नाव काय होतं?”

भगवानरावांनी कपाळाला आठी घातली. नाव त्यांना आठवत नव्हतं. “काय होतं बरं... बाई नुसतं ‘माझी लेक’ म्हनत. गुलाबराव?”

गुलाबरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात पैंजण नसलेली पावलं वाजली. सिंधूताईंनी उंबरा ओलांडला. डोक्यावरचा पदर नीट होता, हाताला पीठ होतं. भासरे समोर लोडापाशी बसले होते आणि त्या त्यांच्यासमोर बैठकीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मान खाली घालावी की वर करावी, हेच गुलाबरावांना कळेना.

“बोला ताई,” वकील म्हणाले. “नाव?”

“मले आठवत नाही,” सिंधूताई म्हणाल्या.

वकिलांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “मुलीचं नाव विचारतोय मी. तुमच्या.”

“हाव. नाही आठवत.”

दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं एकदोघांच्या चेहऱ्यावर आलं. भगवानरावांनी कणवेनं च्च् केलं. वकील गुलाबरावांकडे वळले.

“तुम्ही सांगा. पुतणी तुमची. तुम्हाला तर आठवतच असेल.”

गुलाबरावांनी सिंधूताईंकडे पाहिलं. धाकट्या भावजयीचा चेहरा त्यांनी इतक्या वर्षांत असा समोर कधी पाहिला नव्हता. दिवसभर ओसरीवरून ‘शरयू, पाणी आन’, ‘शरयू, माहा चष्मा पाह्य’ म्हणून हाका मारणारा हा माणूस. शेगावच्या गर्दीत त्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरलेला. आताही ते नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं दिसलं. त्यांनी ते गिळलं.

“नाही बा, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “मलेबी नाही आठवत.”

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. नाव मागाहून घालू म्हणाले, आणि मग कोणीतरी दिवस कलल्याचं सांगितलं. पाहुणे उठले. गुलाबराव निरोप द्यायला जीपपर्यंत गेले खरे, पण ‘पुन्हा या’ म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं.

सिंधूताई आत आल्या. त्यांनी ताट घेतलं, दोन पोळ्या वाढल्या, उरलंसुरलं तूप सगळं त्यावर निपटलं आणि ते शकुंतलेपुढे ठेवलं.

“जेव.”

“काकू, तुमच्या घरचे मोठे बाबा जेवाचे राह्यले ना अजून. आधी त्याइचं...”

“तू जेव म्हनते ना मी.”

शकुंतलेनं सासूकडे पाहिलं. गोजरबाईंनी डोळ्यांनीच जेव म्हणून सांगितलं. पोरीला भूक लागलेली होती, ती मुकाट्यानं जेवू लागली. गोजरबाईंनी बराच वेळ कळ काढली, पण शेवटी त्यांना राहवलं नाही.

“दवाखाना गेला तं गेला, सिंधू. नाव तं देऊ द्याचं होतं. पोरीचं तेवढं तरी राह्यलं असतं.”

सिंधूताईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“गावोगाव काय काय सांगतलं मी, गोजरबाई. गाडीत कशी वरडली थे सांगतलं. पाणी मांगत होती थे सांगतलं. लेकराचं बी सांगतलं. मतं भेटतीन म्हनून सगळं देऊन टाकलं त्याइले. नाव तेवढं देलं नाही.” त्यांनी पदर तोंडाशी घेतला. “तेवढं माह्याजवळ राहू दे व.”

आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, शकुंतलेच्या ताटाशेजारी बसून, त्या मोठ्यानं रडल्या.